‘मी झालो’ हे स्पॅनिशमध्ये किती प्रकारांनी म्हणतात?

प्रश्न असा आहे. स्पॅनिशच्या बी-वन, म्हणजे मधल्या पातळीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीनं घरच्यांवर निबंध लिहिला. त्यात चार वाक्यं होती: बाबा आजारी पडले, दादा इंजिनियर झाला, आजोबा बहिरे झाले, आम्हाला उशीर झाला. चारही ठिकाणी तिनं ‘पोनेर्से’ वापरलं, कारण ‘होणे’साठी तिला तेच आधी शिकवलं होतं. पहिलं वाक्य टिकलं, बाकी तिन्हींखाली लाल रेघ आली. तिचं विचारणं असं की एका ‘होणे’साठी इतकी क्रियापदं कशाला, आणि माणूस स्वतःवर काहीही करत नसताना त्या सगळ्यांच्या मागे ‘से’ का लागतं?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. तो सुटला की पहिला बराच सोपा होतो. स्पॅनिश शब्द इथे लॅटिन अमेरिकेतल्या उच्चारांप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. पुस्तकात पाहाल तेव्हा ‘आसेर’च्या आधी एक मुका एच दिसेल, ‘बोल्बेर’मधले दोन्ही ‘ब’ व्ही अक्षरानं लिहिलेले असतील आणि ‘हुआना’तला ‘ह’ म्हणजे जे. ‘केदार्से’चा केदारनाथाशी काही संबंध नाही.

‘से’ला व्याकरणात आत्मवाचक म्हणतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. ‘से लाबा’ म्हणजे तो स्वतःला धुतो, अंग धुतो. इथवर ठीक. मग ‘आना से पुसो त्रिस्ते’ (‘पुसो’ हे ‘पोनेर’चं भूतकाळी रूप) म्हणजे आनानं स्वतःला दुःखी करून घेतलं का? मुळीच नाही. आना नुसती दुःखी झाली. इथल्या ‘से’त ‘स्वतःला’ शोधू नका, सापडणार नाही.

त्याऐवजी आपल्याच भाषेकडे बघा. मराठीत कपडे सुकतात, आपण ते सुकवतो. दूध तापतं, आपण ते तापवतो. काच फुटते, कुणीतरी ती फोडतं. म्हणजे आपलं आपण घडणं हे आपल्याकडे मूळ रूप, आणि कुणी मुद्दाम घडवलं तर शब्दात भर घालायची किंवा त्याचा स्वर बदलायचा. स्पॅनिश नेमकी उलट्या दिशेनं चालते. ‘सेकार’ म्हणजे सुकवणं, ‘कालेन्तार’ म्हणजे तापवणं, ‘रोम्पेर’ म्हणजे फोडणं. करणारा तिथे आधीपासून हजर असतो. त्याला वाक्यातून बाहेर काढायचं असेल तर ‘से’ लावायचं. ‘सेकार्से’ म्हणजे सुकणं, ‘कालेन्तार्से’ म्हणजे तापणं, ‘रोम्पेर्से’ म्हणजे फुटणं. आपण ‘व’ जोडून कर्ता आणतो, ते ‘से’ जोडून कर्ता घालवतात. एवढंच त्या ‘से’चं इथलं काम.

आता हाच हिशोब बदलाच्या क्रियापदांना लावा. ‘ला नोतिसिया पुसो त्रिस्ते आ आना’, बातमीनं आनाला दुःखी केलं. बातमी काढा, ‘से’ लावा: ‘आना से पुसो त्रिस्ते’. ‘बोल्बेर’, ‘आसेर’, ‘कोन्बेर्तिर’ यांचंही असंच. या प्रत्येकाचा अर्थ दुसऱ्याला काहीतरी करून सोडणं असा होतो, आणि ‘से’ लागलं की तसं होणं.

या नियमातून दोन गोष्टी आपोआप उलगडतात, ज्या बहुतेक तक्ते सांगत नाहीत. एक, ‘येगार आ सेर’ या ‘होणे’च्याच आणखी एका प्रयोगाला ‘से’ का नाही? कारण ‘येगार’ म्हणजे पोहोचणं. ते मुळातच कुणावर करायचं क्रियापद नाही, मग त्यातून कोणता कर्ता काढणार? दुसरी, ‘केदार्से’ची. ‘केदार’ म्हणजे उरणं, राहणं. तेही मूळचं अकर्मक, म्हणून त्याचा ‘से’ सैल आहे. ‘से केदो सोर्दो’ आणि ‘केदो सोर्दो’ दोन्ही चालतात, दोन्हींचा अर्थ बहिरा झाला. स्पेनमध्ये ‘से’ घेऊन बोलण्याकडे कल जास्त, लॅटिन अमेरिकेत ‘से’शिवायही भरपूर ऐकू येतं. ‘केदार्से’चा सकर्मक जोडीदार वेगळाच आहे: ‘देहार’, म्हणजे सोडणं. चित्रकार गोया १७९२च्या अखेरीस गंभीर आजारी पडला आणि त्या दुखण्यातून उठला तो ऐकू येणं गमावूनच. हे दोन्ही बाजूंनी सांगता येतं. ‘ला एन्फेर्मेदाद देहो सोर्दो आ गोया’, आजारानं गोयाला बहिरं करून सोडलं; आणि ‘गोया से केदो सोर्दो’, गोया बहिरा झाला. सोडणारा आणि मागे उरणारा अशी ही जोडी डोक्यात बसली की ‘केदार्से’ पुन्हा चुकत नाही.

आता पहिला प्रश्न. मराठीत सगळ्याला ‘होणे’ म्हणतात, ही समजूतच मला मान्य नाही. विद्यार्थिनीच्या चार वाक्यांत पहिलंच ‘आजारी पडले’ आहे, ‘आजारी झाले’ नाही. आपण आजारी पडतो, एकटे पडतो, चेहरा पांढरा पडतो, डोक्याला टक्कल पडतं. बाई गरोदर राहते. मुलगा आळशी निघतो. वेड लागतं. राग येतो. म्हातारा माणूस थकत जातो. प्रत्येक ठिकाणी बदलाची चाल वेगळी आहे हे आपल्या कानाला पक्कं माहीत असतं. काही ठिकाणी तर स्पॅनिश तंतोतंत आपल्यासारखी बोलते. ‘कायेर’ म्हणजे पडणं, आणि ‘कायो एन्फेर्मो’ म्हणजे आजारी पडला. ‘केदार’ म्हणजे राहणं, आणि गरोदर राहणं म्हणजे ‘केदार एम्बारासादा’, स्पेनमध्ये ‘केदार्से एम्बारासादा’. ‘सालिर’ म्हणजे बाहेर पडणं, निघणं, आणि ‘एल इहो ले सालियो बागो’ म्हणजे त्याचा पोरगा आळशी निघाला. अगदी ‘ले’सुद्धा आपल्या ‘त्याचा’ची जागा भरून काढतं. सगळीकडे जोड्या जमत नाहीत हे खरं. पण आपल्याकडे एकच शब्द आणि त्यांच्याकडे सहा, असं धरून बसलात तर सहा रकान्यांचा तक्ता पाठ करण्यावाचून दुसरा मार्ग उरत नाही.

त्या तक्त्यात बहुधा लिहिलेलं असतं: ‘पोनेर्से’ तात्पुरत्या बदलाला, ‘बोल्बेर्से’ कायमच्या. हा नियम मला आवडत नाही. ‘से केदो कायादो’ म्हणजे तो गप्प झाला. दोन मिनिटांत बोलायला लागेल. ‘से केदो सिएगो’ म्हणजे आंधळा झाला, आयुष्यभरासाठी. क्रियापद दोन्हीकडे तेच. ‘से पुसो गोर्दो’ म्हणजे जाड झाला, आणि वीस वर्षं तसाच राहिला तरी ते वाक्य खोटं पडत नाही. घड्याळ हातात घेऊन क्रियापद निवडता येत नाही. निवड ठरते ती बोलणाऱ्याला त्या बदलाविषयी काय सांगायचं आहे त्यावर: यात कुणाचा हात होता, आणि शेवटी काय हाती उरलं.

त्याआधी दोन चाळण्या लावाव्यात, म्हणजे निम्मे पर्याय तिथेच गळतात. पुढे नाम आहे का? असेल तर ‘पोनेर्से’ बाद. त्याला विशेषण लागतं किंवा ‘दे मोदा’सारखा शब्दगट (‘से पुसो दे मोदा’, त्याची फॅशन आली). ‘से पुसो मेदिको’ हे वाक्यच होत नाही. अंगावर कपडे चढवणं हेही ‘पोनेर्से’च असल्यामुळे ऐकणाऱ्याला त्यानं डॉक्टर अंगात घातला की काय असं वाटेल. दुसरी चाळणी अशी की बदल झाल्यावर ती व्यक्ती ‘एस’ असेल की ‘एस्ता’? (स्पॅनिशमध्ये ‘आहे’ दोन: कोण किंवा कसा आहे ते ‘एस’, कोणत्या अवस्थेत आहे ते ‘एस्ता’.) उदास ‘एस्ता’, म्हणून ‘पोनेर्से’. डॉक्टर ‘एस’, म्हणून ‘आसेर्से’ किंवा त्याच्या आसपासचं काही. ‘एस्ता’कडे ‘पोनेर्से’ आणि ‘केदार्से’ झुकतात, ‘एस’कडे बाकीची. एक ठळक अपवाद लक्षात ठेवा: वेडा माणूस ‘एस्ता लोको’, तरी वेडा होणं हे ‘बोल्बेर्से लोको’.

‘पोनेर्से’बद्दल फार लिहायला नको. रंग, चेहरा, मूड, तब्येत, आभाळ: कुणालाही बघून कळावी अशी अवस्था चढली की ‘पोनेर्से’. ‘से पुसो रोहो’, लाजून लाल झाला. ‘मे पुसे नेर्बियोसा’, मी घाबरीघुबरी झाले. ‘लास कोसास से पुसिएरोन फेआस’, प्रकरण चिघळलं. सूर्य मावळणं हेही ‘पोनेर्से’च: ‘एल सोल से पोने’. बाबांचं आजारपण इथे बसतं, फक्त ‘पोनेर्से एन्फेर्मो’ हे स्पेनमध्ये जास्त चालतं. मेक्सिको, कोलंबिया, अर्जेंटिना यांपैकी कुठेही सरळ ‘मि पापा से एन्फेर्मो’ म्हणतील, क्रियापदाच्या शेवटच्या ‘मो’वर जोर देऊन. गंमत म्हणजे स्पेनमध्ये हेच क्रियापद ‘से’शिवाय वापरायची रीत आहे.

‘केदार्से’ हानीचं क्रियापद आहे असं शिकवतात, ते बऱ्याच अंशी बरोबर आहे. आंधळा, बहिरा, लंगडा, विधवा, पोरका, टकला, एकटा: सगळे ‘केदार्से’चे. ‘डॉन किहोते’ लिहिणाऱ्या सेर्बान्तेसचा डावा हात १५७१ मध्ये लेपान्तोच्या आरमारी लढाईत निकामी झाला, ‘केदो मान्को’. जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला १५२१ मध्ये पाम्पलोनाच्या वेढ्यात तोफगोळ्यानं पाय मोडून घेऊन बसला आणि पुढे जन्मभर लंगडत चालला, ‘केदो कोहो’. पण मला ते हानीपेक्षा उरण्याचं क्रियापद म्हणावंसं वाटतं. घटना होऊन गेली, आणि माणूस या अवस्थेत उरला. म्हणून हानी नसलेलीही उदाहरणं त्यात सहज मावतात: ‘से केदो दोर्मिदा’, तिला झोप लागली, ‘मे केदे दे पिएद्रा’, मी थिजलो, शब्दशः दगडाचा होऊन राहिलो. पैसे संपले, नोकरी गेली, घरात मीठ नाही, वीज गेली, हे सगळं ‘केदार्से सिन’ अमुक म्हणून सांगता येतं. ‘नोस केदामोस सिन लुस’, आम्ही विजेविना राहिलो. (त्यालाच ‘से फुए ला लुस’ असंही म्हणतात, म्हणजे आपलं ‘लाइट गेली’ जसंच्या तसं.)

आजोबांचं वाक्य म्हणून ‘मि आबुएलो से केदो सोर्दो’. पण म्हाताऱ्या माणसाचं ऐकू येणं एका रात्रीत जात नाही, आणि मराठीत आपण सहज म्हणू की आजोबांना कमी ऐकू येत गेलं. हा ‘जाणे’ स्पॅनिशमध्येही तसाच आहे. ‘इर’ म्हणजे जाणं, आणि त्याच्यापुढे चालू क्रियेचं रूप: ‘से फुए केदान्दो सोर्दो’. अर्जेंटिनाचा लेखक बोर्हेस याचं उदाहरण नेहमी देण्यासारखं आहे. त्याच्या वडिलांचीही दृष्टी गेली होती, त्याची वर्षानुवर्षं उतरत गेली, आणि १९५५ मध्ये ब्युनॉस आयर्समधल्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा संचालक म्हणून त्याची नेमणूक झाली तोवर त्याला वाचता येईनासं झालं होतं. त्याच्याबद्दल ‘से केदो सिएगो’ हे व्याकरणानं बरोबर. ‘से फुए केदान्दो सिएगो’ हे जास्त खरं. बी-वन पातळीवर हा ‘इर’चा प्रयोग फारसं कुणी करत नाही. मराठी माणसाला तो फुकटात मिळतो, मग का सोडा.

‘बोल्बेर्से’पाशी जरा थांबतो. ‘बोल्बेर’ म्हणजे वळणं, परतणं. माणसाचा स्वभाव वळला, तो पूर्वीचा राहिला नाही, आणि हे त्यानं ठरवून केलं नाही, तेव्हा ‘बोल्बेर्से’. बढती मिळाल्यापासून तो उर्मट झाला: ‘देस्दे के लो आसेन्दिएरोन, से बोल्बियो आर्रोगान्ते’. फसवणूक झाल्यावर ती संशयी झाली: ‘से बोल्बियो देस्कोन्फियादा’. आणि अर्थातच ‘बोल्बेर्से लोको’, वेडं होणं. स्पेनच्या इतिहासात याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे कास्तीलची राणी हुआना. तिच्या नावामागेच ‘ला लोका’ लागलं, वेडी. नवरा फेलिपे १५०६ मध्ये वारला, १५०९ पासून ती तोर्देसियासच्या वाड्यात कोंडलेली होती आणि १५५५ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिली. लोककथा सांगते ‘हुआना से बोल्बियो लोका’, नवऱ्यापायी वेडी झाली. ‘से’ लावला की कर्ता नाहीसा होतो. वेड जणू आभाळातून पडलं. पण तिच्या नावानं आधी बापानं आणि मग मुलानं राज्य चालवलं, ती शहाणी ठरणं दोघांनाही परवडण्यासारखं नव्हतं, म्हणून अनेक अभ्यासक त्या ‘से’वर समाधानी नाहीत. त्यांना म्हणायचं असेल तर ‘ला बोल्बिएरोन लोका’, तिला वेडी करून सोडलं. किंवा ‘ला इसिएरोन पासार पोर लोका’, तिला वेडी ठरवलं. तीन वाक्यांत तीन वेगळे इतिहास आहेत, आणि फरक एवढाच की कर्ता वाक्यात आहे की नाही. बातम्या वाचतानाही ही नजर ठेवा. काहीतरी ‘से’ लावून घडलेलं दिसलं की ते कुणी घडवलं हे विचारायला हरकत नसते.

‘आसेर्से’ म्हणजे घडवणं अधिक ‘से’. धंदा, धर्म, पक्ष, मैत्री, श्रीमंती: जिथे माणसाचा स्वतःचा निर्णय किंवा खटपट असते तिथे हे येतं. आधीच्या लंगड्या लोयोलानं पुढे दीक्षा घेतली, ‘से इसो सासेर्दोते’ (‘इसो’ हे ‘आसेर’चं भूतकाळी रूप). त्याचा साथीदार फ्रान्सिस्को हावियेर, जो १५४२ मध्ये गोव्यात उतरला आणि ज्याला आपण सेंट झेवियर म्हणतो, ‘से इसो हेसुइता’. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, हे स्पॅनिशमध्ये ‘से इसो बुदिस्ता’ असं छान सांगता येतं. धर्मांतराचा विधी पुढे आणायचा असेल तर ‘से कोन्बिर्तियो आल बुदिस्मो’. इथे शब्दयोगी अव्यय जपा. ‘कोन्बेर्तिर्से आ’ म्हणजे धर्म स्वीकारणं, ‘कोन्बेर्तिर्से एन’ म्हणजे एका गोष्टीचं दुसऱ्यात रूपांतर होणं. ‘आल बुदिस्मो’ऐवजी ‘एन बुदिस्मो’ लिहिलंत तर माणसाचाच धर्म होऊन बसतो. निर्णय दाखवण्यात ‘आसेर्से’चा हा असा दबदबा आहे, पण लॅटिन अमेरिकेत ‘बोल्बेर्से’ त्याच्या हद्दीत बरंच घुसलं आहे. ‘से बोल्बियो बेहेतारियाना’, ती शाकाहारी झाली, असं तिकडे कुणीही म्हणेल, तिनं विचार करून ठरवलेलं असलं तरी. उलट स्पेनच्या माणसाच्या तोंडी ‘से इसो बेहेतारियाना’ जास्त बसतं.

‘प्रयत्नानं होणं म्हणजे आसेर्से’ हा नियम मात्र वय आणि वेळ आली की कोलमडतो. ‘से इसो बिएहो’, म्हातारा झाला. त्यासाठी कुणी खटपट करत नाही. ‘से इसो दे नोचे’, रात्र झाली. ‘से इसो तार्दे’, उशीर झाला. इथे काळच घडवणारा आहे असं समजा. आणि विद्यार्थिनीचं चौथं वाक्य तर मराठीतून थेट उतरतं: ‘से नोस इसो तार्दे’, आम्हाला उशीर झाला. ‘नोस’ म्हणजे आम्हाला. उशीर हा आपल्याला ‘होतो’, आपण उशीर ‘होत नाही’, हे दोन्ही भाषांना मान्य आहे.

इंजिनियर झालेल्या दादासाठी ‘मि एर्मानो से इसो इन्हेनिएरो’ पुरेसं आहे. मात्र मराठीत ‘इंजिनियर झाला’ म्हणजे बहुतेक वेळा डिग्री हातात पडली. तेच म्हणायचं असेल तर ‘से ग्रादुओ दे इन्हेनिएरो’, आणि अर्जेंटिनात ‘से रेसिबियो दे इन्हेनिएरो’. या दुसऱ्या क्रियापदाचा नेहमीचा अर्थ स्वीकारणं, मिळणं असल्यामुळे पहिल्यांदा ऐकणारा गोंधळतो, पण तिकडे तो रोजचा शब्द आहे. दादासाठी ‘येगो आ सेर इन्हेनिएरो’ मात्र मी लिहिणार नाही, निदान त्याला कॉलेजसाठी उपास काढावे लागले नसतील तर. ‘येगार आ सेर’मध्ये लांबची वाट असते. होसे मुहिका उरुग्वेत तुपामारो या गनिमी बंडखोरांमध्ये होता, वर्षानुवर्षं तुरुंगात काढली, १९८५ मध्ये सुटला आणि २०१० मध्ये देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला. ‘येगो आ सेर प्रेसिदेन्ते’ हे अशा माणसासाठी. स्पेनचा फेलिपे सहावा २०१४ मध्ये राजा झाला, पण तो वडिलांनी गादी सोडल्यामुळे. त्याला ‘से कोन्बिर्तियो एन रेय’ किंवा ‘पासो आ सेर रेय’ बरं. ‘से इसो रेय’ म्हटलं तर गादी बळकावल्याचा वास येतो. ‘येगार आ सेर’ला आणखी एक सूक्ष्म छटा आहे. गाठलेलं शिखर पुढे टिकलंच असं नाही. बोलिव्हियातल्या पोतोसीला १५४५ मध्ये चांदी सापडली आणि ते अमेरिका खंडातल्या सगळ्यात मोठ्या शहरांपैकी एक झालं, ‘येगो आ सेर’. चांदी आटली तसं ते मागेही पडलं, आणि क्रियापद तेवढी जागा ठेवून असतं.

‘पासार आ सेर’ कागदावरच्या बदलाला छान. पोर्तो रिको १८९८ मध्ये स्पेनकडून अमेरिकेकडे गेलं, ‘पासो आ सेर’ अमेरिकेचा प्रदेश. बेटावरच्या माणसांना कुणी विचारलं नव्हतं. ‘कोन्बेर्तिर्से एन’ला पुढे नेहमी नाम लागतं, आणि वर्तमानपत्रांनी ते इतकं वापरलं आहे की पहिल्या परिच्छेदात एकदा आलं तर दुसऱ्यांदा टाळावं.

शिकवताना मी शेवटी एकच विशेषण घेऊन सगळ्या क्रियापदांतून फिरवायला लावतो. ‘तोन्तो’, म्हणजे मूर्ख. ‘से पुसो तोन्तो’, आता हट्टाला पेटला, वेड्यासारखं करायला लागला. ‘से बोल्बियो तोन्तो’, त्याची अक्कल गेली. ‘से केदो तोन्तो’, डोक्याला मार लागून तसा राहिला, किंवा थक्क होऊन बघत राहिला. आणि ‘से इसो एल तोन्तो’, त्यानं मूर्खपणाचं सोंग घेतलं. शेवटच्यात ‘एल’ हा उपपद आहे, त्यानं सगळंच उलटतं. गोया ‘से केदो सोर्दो’ म्हणजे खरोखर बहिरा झाला. ‘से इसो एल सोर्दो’ म्हटलं असतं तर न ऐकल्यासारखं केलं. ‘से इसो एल दोर्मिदो’, झोपेचं सोंग घेतलं. ‘रोहो’ फिरवून पाहा: ‘से पुसो रोहो’ म्हणजे लाजला किंवा संतापला, आणि स्पेनमध्ये ‘से इसो रोहो’ म्हणजे डाव्या विचारांचा झाला. लाल झालेल्या माणसाचं राजकारण बदलण्याइतकी ताकद या एका क्रियापदात आहे.

हे सगळं शिकून झाल्यावर मराठी विद्यार्थी जी चूक करतात ती वेगळीच असते: गरज नसताना ही क्रियापदं वापरणं. ‘मे पुसे एनोहादो’, ‘मे पुसे कान्सादो’ असं लिहितात. समजतं, पण कुणी सहसा असं बोलत नाही. राग येणं, थकणं, कंटाळणं, भिजणं, सवय होणं यांना स्पॅनिशमध्ये स्वतंत्र क्रियापदं आहेत आणि ‘से’ त्यांच्या अंगातच आहे: ‘मे एनोहे’, ‘मे कान्से’, ‘मे आबुर्री’, ‘मे मोहे’, ‘मे आकोस्तुम्ब्रे’. रागासाठी स्पेनमध्ये ‘मे एन्फादे’. ‘पोनेर्से आबुर्रिदो’ तर भलतंच होऊन बसतं. ‘ला पेलिकुला से पुसो आबुर्रिदा’ म्हणजे सिनेमा कंटाळवाणा झाला. मला कंटाळा आला ते ‘मे आबुर्री’. ‘मला राग आला’ या आपल्या रचनेच्या जवळ जाणारंही काही हवं असेल तर ‘मे दियो राबिया’ आहे; आणि ‘मला झोप आली’साठी ‘मे दियो सुएन्यो’. तिथे तुम्ही पुन्हा ‘मला’ होता.

उलट काही बदलांना ‘से’ लागतच नाही. जाड होणं ‘एन्गोर्दार’, बारीक होणं ‘आदेल्गासार’, म्हातारं होणं ‘एन्बेहेसेर’, फिकट पडणं ‘पालिदेसेर’, पिकणं ‘मादुरार’, बिघडणं ‘एम्पेओरार’. ‘मे एन्गोर्दे’ लिहू नका, ‘एन्गोर्दे’ पुरे. वर सांगितलेला कर्ता काढायचा नियम इथे लागू होत नाही, ही यादी सवयीनंच बसते. ‘मेहोरार’ दोन्हीकडे आहे: परिस्थिती ‘मेहोरा’, पण आजारी माणसाला ‘के ते मेहोरेस’, लवकर बरे व्हा.

आणि सगळ्यात साधं क्रियापद विसरलं जातं: ‘सेर’. मोठेपणी मला डॉक्टर व्हायचंय, हे ‘दे मायोर किएरो सेर मेदिको’. तिथे ‘किएरो आसेर्मे’ वगैरे लहान मुलाच्या तोंडी शोभत नाही. मात्र भूतकाळात ‘सेर’ दगा देतो. ‘मी डॉक्टर झालो’ म्हणून ‘फुई मेदिको’ लिहिलंत तर वाचणारा समजेल की तुम्ही एके काळी डॉक्टर होता आणि आता नाही. ‘झालो’ आणि ‘होतो’ यांतला फरक ‘फुई’ सांभाळत नाही. तरी बाप होण्याच्या बाबतीत तोच ‘सेर’ चालतो: ‘फुए पाद्रे आ लोस कुआरेन्ता’, चाळिशीत बाप झाला, आणि कुणाचाही गैरसमज होत नाही. जगज्जेतेपदाचंही तसंच. स्पेन २०१० मध्ये फुटबॉलचा विश्वविजेता झाला, ‘फुए काम्पेओना देल मुन्दो’, किंवा बातम्यांच्या भाषेत ‘से प्रोक्लामो काम्पेओना’. १८ डिसेंबर २०२२ रोजी अर्जेंटिना जिंकली तेव्हा ब्युनॉस आयर्सच्या रस्त्यांवर मात्र ‘सालिमोस काम्पेओनेस’ चाललं होतं, आम्ही विजेते ‘निघालो’.